नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत : विशेष शिक्षक होण्याची माझी चार वर्षे

२०२० सालच्या जानेवारीत बी.एड.च्या प्रशिक्षणार्थींचे सराव पाठ पाहण्यासाठी मी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत गेले होते. निरीक्षकाने मागच्या बाकावर बसायचे अशी आमच्याकडची पद्धत आहे, त्यामुळे पाचवीच्या वर्गात माझ्या शेजारी बसलेल्या मुलाची वही तासभर माझ्या डोळ्यांसमोर होती. त्याला मी येथे सोमनाथ म्हणेन. फळ्यावरच्या सात ओळी त्याने ठळक, गोलसर अक्षरांत उतरवल्या होत्या आणि समासाची रेघसुद्धा पट्टीने आखली होती. पाठ संपल्यावर मी त्याला म्हटले, "छान लिहिलंस रे. आता वाचून दाखव बघू." त्याने वहीकडे पाहिले, मग फळ्याकडे पाहिले आणि अगदी सरळपणे म्हणाला, "हे फळ्यावरलं हाय, टीचर. मला कसं यील?"

पाठ घेणारी प्रशिक्षणार्थी शेजारीच उभी होती. मुले जेवायला गेल्यावर तिने विचारले, "मॅडम, मग उद्या मी याला काय शिकवू?" मी तिला वाचन-अक्षमतेची व्याख्या सांगितली. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि समावेशक शाळेचा विषय अभ्यासक्रमात आला, तेव्हापासून तो विषय माझ्याकडेच होता. रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ मध्ये 'डिस्लेक्सिया' हा शब्द योजला, प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी १८९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना लिहून देत असे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे पर्सीच्या शिक्षकाचे मत त्या हकिकतीत नोंदलेले आहे. सोमनाथही तसाच होता. मलप्रभेला पाणी चढले की कोणत्या वाटेने शाळेत यायचे, कोणत्या शेतात गवा उतरतो, हे तो मोठ्या माणसासारखे सांगत असे. पण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. खानापूरहून बेळगावला परत येताना बसमध्ये तो प्रश्न माझ्याबरोबर आला आणि पुढे कित्येक महिने माझ्याजवळच राहिला.

हा अनुभव लिहिण्याचे कारण असे की, मी चौकशी सुरू केली तेव्हा बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतून विशेष शिक्षक होण्याचा मार्ग चालून गेलेली, मराठीतून काही सांगू शकेल अशी एकही व्यक्ती मला भेटली नाही. आता आमच्या भागातील शिक्षक मला फोन करून विचारतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळे एके ठिकाणी असावे, असे वाटले.

टाळेबंदीच्या काळात मी प्रथमच कायदे मुळातून वाचले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचन, लेखन, गणित शिकण्यातच येणाऱ्या अडचणीला, स्वतंत्र स्थान आहे. त्याआधीचा कायदा भारतीय पुनर्वास परिषदेचा, १९९२ सालचा. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांचे प्रशिक्षण आणि नोंदणी ही परिषद पाहते. त्याच्या कलम १३ नुसार परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीने या क्षेत्रातील व्यावसायिक म्हणून काम करणे हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. माझे एम.एड. होते, नेट होते, पण यांपैकी कशानेही मला एखाद्या मुलाची तपासणी करून त्या अहवालाखाली सही करण्याचा अधिकार मिळत नव्हता. हे वाचून मला मनापासून खंत वाटली. इतकी वर्षे मी ज्यांना शिकवले, त्यांनाही मी हे कधी सांगितले नव्हते.

अध्ययन अक्षमता हे विशेषीकरण असलेला बी.एड.चा नियमित अभ्यासक्रम मला बेळगावात मिळाला नाही. धारवाड आणि कोल्हापूर येथे चौकशी केली, अखेर पुण्यातील एका महाविद्यालयावर येऊन थांबले. दोन वर्षे पूर्ण वेळ हजेरी आवश्यक होती. माझे जुने बी.एड. असले तरी हा अभ्यासक्रम पहिल्यापासून करावा लागणार होता. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. महाविद्यालयाला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे एवढे ऐकून पैसे भरू नयेत. आपण ज्या वर्षी प्रवेश घेत आहोत त्या वर्षासाठी आणि आपल्याच विशेषीकरणासाठी मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे आणि त्या पानाची प्रत काढून ठेवावी. अभ्यासक्रमांचे स्वरूप आणि नियम मध्येच बदलतात, म्हणून माझ्या वेळचे नियम आजही तेच असतील असे कोणी धरून चालू नये. माझ्याबरोबर अर्ज भरणाऱ्या एका शिक्षिकेने दुसरीकडे घाईने पहिला हप्ता भरला आणि तेथे तिला हवे असलेले विशेषीकरण त्या वर्षी नसल्याचे तिला नंतर समजले.

रजेचा अर्ज मी जानेवारी २०२१ मध्ये दिला. व्यवस्थापनाच्या दोन बैठकांत तो विषय आलाच नाही, तिसऱ्या बैठकीत चर्चा झाली आणि जूनच्या अखेरीस विनावेतन रजा मंजूर झाली. तोंडी होकार एप्रिलमध्येच मिळाला होता, पण सेवाज्येष्ठता कायम राहील की नाही, वेतनवाढ पुढे ढकलली जाईल की काय, परत आल्यावर तीच जागा मिळेल का, हे तीन मुद्दे पत्रात लिहून मिळेपर्यंत मी थांबले. त्या पत्रासाठी सात वेळा कार्यालयात जावे लागले. आज त्या फेऱ्यांचे मला काही वाटत नाही, कारण परत आल्यावर त्या पत्राच्या आधारावरच माझी वेतननिश्चिती झाली.

खर्चाचा हिशेब मी वहीत ठेवला होता. दोन वर्षांचे शुल्क, परीक्षा शुल्क आणि प्रात्यक्षिकांचे साहित्य मिळून ९१ हजार रुपये झाले. खोलीचे भाडे आणि खानावळ यांना महिन्याला साडेनऊ हजार लागत. याखेरीज महिन्यातून एकदा बेळगावची फेरी होती आणि दोन वर्षे पगार नव्हता. आम्ही घराच्या डागडुजीसाठी साठवलेले पैसे मोडले. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. सासूबाईंनी "तू जा, पोरीचं मी बघते. पैशाचं आपण मागनं बघू" असे म्हटले नसते, तर मी गेले नसते, हे येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे.

साथीमुळे प्रवेश लांबले आणि वर्ग नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. त्याच सुमारास, २८ ऑक्टोबर २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या नेमणुकीबाबतचा निकाल दिला होता. केंद्र सरकार नियम करीपर्यंत अध्ययन अक्षमता असलेल्या पाच विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण त्यात सांगितले होते. पहिल्याच आठवड्यात आमच्या प्राध्यापिकांनी तो निकाल वाचायला दिला. माझ्या डोळ्यांसमोर खानापूर तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवरच्या दोन शिक्षकी शाळा आल्या आणि ते प्रमाण तेथपर्यंत पोहोचायला किती माणसे तयार व्हावी लागतील, याचा विचार मनात आला.

पहिले तीन महिने वर्ग मोबाइलवरच होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मी पुण्यात राहायला गेले. वर्गात माझे वय सर्वांत जास्त, एकेचाळीस वर्षे. बहुतेक मुली बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या. सुरुवातीला त्या मला मॅडम म्हणत, एप्रिलपर्यंत ताई म्हणू लागल्या आणि माझे बरेचसे अवघडलेपण त्याबरोबर गेले. बालविकास, मूल्यमापन वगैरे लेखी विषयांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते मी शिकवत आले होते. खरे शिक्षण प्रात्यक्षिकांत झाले आणि ते कठीण गेले.

पहिल्या सत्रातच एका मुलाचे आठवडाभर निरीक्षण करून लिहायचे होते. मी तिसरीतील एका मुलीबद्दल चार पाने लिहून दिली. मार्गदर्शिकांनी ती परत दिली तेव्हा 'लक्ष देत नाही', 'कामाचा कंटाळा करते', 'आत्मविश्वास कमी' या शब्दांखाली लाल रेघा होत्या आणि समासात एकच वाक्य होते : "किती वाजता, काय करताना, किती मिनिटे?" मी पुन्हा वर्गात जाऊन बसले. त्या मुलीचे लक्ष सकाळी अकरा ते साडेअकरा गणिताच्या तासाला पूर्णपणे फळ्यावर असे. मराठीच्या तासाला प्रकट वाचन सुरू झाले की आपला क्रम येण्याआधी चार मुले असतानाच ती पाणी पिण्यासाठी बाहेर जाण्याची परवानगी मागे. पाच दिवसांत चार वेळा असे घडले. 'कंटाळा करते' या शब्दांखाली हे सगळे झाकले गेले होते. तेरा वर्षे प्रशिक्षणार्थींच्या निरीक्षणवह्या मीच तपासल्या होत्या आणि असे शब्द वाचून त्याखाली 'चांगले' असा शेरा दिला होता.

त्यानंतर चुकांचे विश्लेषण आले. वही तपासताना आपण चूक दिसली की खूण करतो आणि पुढे जातो. येथे प्रत्येक चूक जशीच्या तशी दुसऱ्या कागदावर उतरवायची, बरोबर शब्द शेजारी लिहायचा आणि मुलाच्या हाताने नेमके काय केले ते शोधायचे. एका मुलाने 'दिवस' हा शब्द 'दविस' असा लिहिला होता. वरवर पाहता ती वेलांटीची चूक वाटते. मी त्याला माझ्यासमोर पुन्हा लिहायला सांगितले. त्याने 'द' काढला, तोंडाने 'दि' म्हटले, मग वेलांटी काढली आणि पुढे 'व', 'स' काढले. त्याने ऐकलेल्या क्रमानेच लिहिले होते. तोंडात 'द'चा उच्चार आधी येतो, 'इ' नंतर येते, म्हणून त्याने वेलांटी नंतर काढली. आपल्या लिपीत ती अक्षराच्या आधी काढावी लागते, एवढे त्याच्या हाताला ठाऊक नव्हते. अशा मुलाला 'दिवस' शंभर वेळा लिहायला लावून काही होत नाही. त्याला वेलांटीचे शब्द वेगळे काढून, आधी अक्षराची जागा बोटाने झाकून, मग वेलांटी, मग अक्षर, असा हाताचा क्रम द्यावा लागतो. ती सवय लागायला तीन आठवडे लागले.

याच वर्षी मला मुलांमधील वाचन-अक्षमता ओळखण्यासाठीच्या 'डाली' या साधनाची ओळख झाली. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ते पुढे आणले. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आहे. वर्गातील इतरांसाठी ही एक माहिती होती. माझ्यासाठी मात्र मराठी आणि कन्नड ही दोन नावे एका ओळीत दिसणे हीच मोठी गोष्ट होती. आमच्याकडचे मूल मराठी शाळेत शिकते, पण बसवरची पाटी, दुकानाचे नाव, पंचायतीचा कागद कन्नडमध्ये असतो आणि शाळेतही कन्नड शिकावेच लागते. त्यामुळे ते मूल दोन लिप्या एकदमच शिकत असते आणि त्यातच तिसरी इंग्रजी येते. ज्या मुलाला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणेच अवघड जाते, त्याला हे ओझे किती जड होत असेल, याचा विचार आमच्या भागात झाला पाहिजे, हे मला तेव्हापासून तीव्रतेने वाटते.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत मी सोमनाथच्या गावी जात असे. त्याच्या आईवडिलांची परवानगी मी लेखी घेतली होती. दर वेळी दीड तास बसायचे, त्यात वाचन वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, असे ठरवले. त्याच्या दोन्ही वह्या समोर ठेवल्यावर 'र'चा घोळ स्पष्ट दिसला. मराठीत 'कर्म' आणि 'क्रम' यांत तीच अक्षरे आहेत, पण एका शब्दात 'र' पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो आणि दुसऱ्यात आधीच्या अक्षराच्या पायाशी जातो. कन्नडमध्ये 'कर्म' लिहिताना तोच 'र' अर्कावत्तू होऊन 'म'च्या उजवीकडे बसतो, म्हणजे उच्चारात 'म'च्या आधी आणि कागदावर 'म'नंतर. मराठीत जोडाक्षराचे पहिले अक्षर अर्धे होते, कन्नडमध्ये पहिले पूर्ण राहते आणि दुसरे ओत्तक्षर होऊन त्याच्याखाली जाते. सोमनाथ दोन्ही भाषांत 'करम' असेच वाचत होता आणि दोन्ही शिक्षक त्याला स्वतंत्रपणे रागावत होते.

त्याच्या आईने ताटात रवा पसरून दिला. मी 'सूर्य' म्हणायचे, त्याने आधी चिंचोके मांडून किती ध्वनी ऐकू आले ते दाखवायचे, मग 'र'चा चिंचोका वेगळ्या रंगाचा करायचा आणि तो कोणत्या घरात जातो ते रव्यात बोटाने काढायचे. कन्नडसाठी वेगळे ताट, वेगळा दिवस. एकाच दिवशी दोन्ही लिप्या घेतल्या की तो गोंधळतो, हे पहिल्या सुट्टीत माझ्या लक्षात आले नव्हते, त्यामुळे ते दिवस वाया गेले. दुसऱ्या सुट्टीत 'सूर्य', 'पूर्व', 'वर्ग' हे शब्द त्याने न अडखळता वाचले तेव्हा त्याची आई चुलीजवळून म्हणाली, "ह्येला येतंय म्हणायचं की." त्यावर सोमनाथने मान खाली घातली आणि रव्यात पुन्हा एकदा 'वर्ग' लिहिले.

अंतिम परीक्षा जून २०२३ मध्ये झाली आणि निकाल ऑगस्टमध्ये लागला. मी १ सप्टेंबरला बेळगावात माझ्या महाविद्यालयात रुजू झाले आणि त्याच आठवड्यात केंद्रीय नोंदवहीत नाव येण्यासाठी ऑनलाइन अर्ज केला. दहावीपासूनची सर्व गुणपत्रके, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, छायाचित्र, ओळख आणि पत्त्याचा पुरावा हे सगळे स्कॅन करून जोडले. महिनाभराने अर्ज त्रुटीसह परत आला, कारण नावे जुळत नव्हती. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आणि आडनाव आहे, एम.एड.च्या गुणपत्रकावर कर्नाटकातील पद्धतीप्रमाणे आद्याक्षरे आहेत, आधारकार्डावर सासरचे नाव आहे आणि पुण्याच्या गुणपत्रकावर आईचे नावही आहे. जुन्या कागदांवर गावाचे नाव बेळगाव आहे आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये नाव अधिकृतपणे बदलल्यानंतरच्या कागदांवर बेळगावी आहे. आमच्या भागातील बहुतेक विवाहित स्त्रियांच्या कागदांची अशीच स्थिती असते.

उपाय सोपा होता, पण वेळखाऊ होता. ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र बाँड पेपरवर करून नोटरी केले, त्याला विवाह नोंदणीचा दाखला जोडला. तो दाखला मिळवण्यासाठी संबंधित कार्यालयात चार वेळा जावे लागले. पहिल्या तीन वेळा "नाळे बन्नी" (उद्या या) एवढेच उत्तर मिळाले. चौथ्या वेळी मी अर्ज कन्नडमध्ये स्वतःच्या हाताने लिहून नेला, आधीच्या फेऱ्यांच्या तारखा त्यात घातल्या आणि पोच मागितली. दाखला दोन दिवसांत मिळाला. कन्नड लिहिता येत नसेल तर ओळखीच्या कोणाकडून तरी अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा. कारकुनाला तो वाचायला सोपा जातो आणि काम पुढे सरकते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. ज्यांना हा अभ्यासक्रम करायचा आहे त्यांनी प्रवेश अर्जातच दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव जसेच्या तसे लिहावे आणि प्रतिज्ञापत्र पहिल्याच महिन्यात करून ठेवावे. मी ते केले असते तर चार महिने वाचले असते.

१४ फेब्रुवारी २०२४ रोजी दुपारी तास संपवून स्टाफ रूममध्ये आले तेव्हा नोंदणी झाल्याचा ई-मेल आला होता. मी तो क्रमांक कागदावर लिहून घेतला आणि घरी फोन केला. ही नोंदणी कायमची नसते. पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या प्रशिक्षणांना हजर राहून गुण मिळवावे लागतात. शेवटच्या वर्षी धावपळ नको म्हणून मी दर वर्षी दोन कार्यशाळा करण्याचे ठरवले आहे.

सोमनाथ आता नववीत होता. पहिली ओळखच पाचवीत झाल्यामुळे आणि पुढे शाळा बंद राहिल्यामुळे त्याची प्रमाणपत्राची वेळ खूप मागे पडली होती. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षकांनी तिसरीपर्यंत किंवा वयाच्या आठव्या वर्षापर्यंत प्राथमिक चाळणी करावी, असे म्हटले होते. बालरोगतज्ज्ञाकडून दृष्टी-श्रवणासह तपासणी, मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन आणि मग वाचन-लेखनाच्या चाचण्या, हा क्रमही त्यात सांगितला होता. आम्ही एप्रिल २०२४ मध्ये सुरुवात केली. दृष्टी आणि श्रवण एकाच दिवसात झाले. मानसशास्त्रज्ञांची वेळ सात आठवड्यांनंतरची मिळाली.

पहिल्या ठिकाणी त्याच्या वाचनाच्या चाचण्या कन्नड आणि इंग्रजीतून घेतल्या गेल्या, कारण तेथे मराठी येणारे कोणी नव्हते. त्या अहवालावरून तो जवळजवळ निरक्षर वाटत होता आणि त्याला नेमके कोठे अडते हे त्यातून काहीच कळत नव्हते. बाहेर आल्यावर तो वडिलांना म्हणाला, "मला मराठीतनं इचारलंच नाही." मी मुख्याध्यापकांकडून शिक्षणाचे माध्यम मराठी असल्याचा दाखला घेतला, पाचवीपासूनच्या वह्यांच्या नकला, चुकांचे विश्लेषण आणि सुट्ट्यांतील नोंदी एका फाईलमध्ये लावल्या आणि धारवाडला दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांना भेटले. त्यांनी बुद्धिमापन केले. वाचन-लेखनाची चाचणी मी त्यांच्यासमोर मराठीतून घेतली. अहवालाच्या शेवटी त्यांची सही झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तुमचा नोंदणी क्रमांक येथे लिहा." मी तो लिहिला. त्या दिवशी माझ्या मनात जे होते ते शब्दांत सांगणे मला अजूनही जमत नाही.

दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर भरावा लागतो. जून २०२१ पासून प्रमाणपत्रे त्यावरूनच दिली जातात. आधार, छायाचित्र, सही आणि पत्त्याचा पुरावा एवढेच लागते, पण छायाचित्र आणि सहीच्या फाईलचा आकार मर्यादेबाहेर गेला की अर्ज अडतो, म्हणून सायबर कॅफेत जाण्याआधीच त्या लहान करून न्याव्यात. सरकारी रुग्णालयातील मंडळासमोर जाताना मूळ अहवाल आणि दोन प्रती बरोबर ठेवाव्यात आणि मुलाला आदल्या रात्री काय होणार ते समजावून सांगावे. सोमनाथला सप्टेंबरमध्ये ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले. पिवळ्या पट्ट्याचे कार्ड पोस्टाने नोव्हेंबरमध्ये आले. चाळीस टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरे कार्ड येते, त्यामुळे पालकांनी रंगावरून घाबरू नये.

कार्डाची वाट न पाहता शाळेने प्रमाणपत्राच्या आधारे परीक्षा मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव पाठवला. आम्ही दहावीत हे केले आणि शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी प्रस्ताव गेला. हे सगळे आठवीतच सुरू करावे, अशी माझी प्रत्येक पालकाला कळकळीची विनंती आहे. केंद्राच्या २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांत तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ सांगितला होता, पण तो वेळ वापरण्याचाही सराव लागतो. डिसेंबरपासून सोमनाथ दर रविवारी सकाळच्या गाडीने बेळगावला येत असे आणि माझ्या घरी घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत असे. लेखनिक म्हणून खालच्या इयत्तेतील त्याच्याच गावचा मुलगा मिळाला. त्या दोघांना एकमेकांचे बोलणे कळावे म्हणून मी त्यालाही दोन रविवार बोलावले.

मार्च २०२५ मध्ये पहिल्या भाषेचा पेपर होता. मी केंद्राबाहेर त्याच्या वडिलांबरोबर थांबले होते. इतर मुले बाहेर पडल्यावर बऱ्याच वेळाने तो आला. वडिलांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्याने मला सांगितले की उतारा वाचायला त्याने कोणाला सांगितले नाही, स्वतःच दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना कळला. मग त्याने विचारले, "टीचर, गणिताच्या दिवशीबी एवढा वेळ मिळंल नव्हं?" मी हो म्हटले आणि आम्ही तिघे बसस्थानकाकडे निघालो. त्याच्या प्रमाणपत्रावर फेरतपासणीची तारीख आहे. ती मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे, आणि त्याच पानावर त्याच्या शाळेतील तिसरीच्या दोन मुलांची नावे आहेत, ज्यांच्या पालकांना मी येत्या शनिवारी भेटणार आहे.